शाळेचे वेबपान लिहिण्यासाठी नोटपॅडची सिद्धता

नांदेड व लातूर हे जिल्हे भाषांच्या सीमेवर वसलेले आहेत. देगलूरकडे तेलुगू व कन्नड, उदगीरकडे कन्नड व उर्दू, किनवटच्या डोंगरपट्ट्यात गोंडी व कोलामी, तर तांड्यांवर गोरमाटी बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. मुलांच्या घरच्या शब्दांचे एखादे वेबपान शिक्षकांनी तयार करावयाचे ठरविल्यास ते कोणत्याही संगणकावर शुद्ध वाचता आले पाहिजे. त्यासाठी विंडोज संगणकावर मुळातच असलेले नोटपॅड पुरेसे आहे. मात्र आरंभीच त्याची योग्य सिद्धता करावी लागते.

वेबपान म्हणजे वस्तुतः साध्या अक्षरांची फाइल होय. मजकुराच्या मागेपुढे कोनी कंसांत खुणा लिहिल्या, की शीर्षक कोणते व परिच्छेद कोणता हे ब्राउझरला कळते. या खुणांच्या पद्धतीस एचटीएमएल म्हणतात. वर्डच्या फाइलीत अक्षरांबरोबर आकार, रंग व समास यांचीही माहिती साठते, म्हणून ती येथे उपयोगी नाही. नोटपॅड केवळ अक्षरे साठविते.

संगणक अक्षरे अंकांच्या रूपाने ठेवतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टात ‘कमल’ लिहिले असता १००, १०१ व १२१ हे अंक साठतात. वास्तविक ते रोमन लिपीतील डी, ई व वाय यांचे अंक होत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कमळाच्या जागी ही तीन निरर्थक अक्षरे दिसतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत प्रत्येक लिपीच्या अक्षरास स्वतंत्र अंक आहे: क यास २३२५, म यास २३५० व ल यास २३५४. तेलुगू, कन्नड व उर्दू अक्षरांचे अंक निराळे असल्याने या साऱ्या लिप्या एकाच पानावर नांदू शकतात. हे अंक फाइलीत साठविण्याची रीत म्हणजे यूटीएफ-८.

सिद्धतेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. विंडोजच्या भाषाविभागात मराठी व आवश्यक त्या भाषांचे कळफलक जोडावेत. इनस्क्रिप्ट कळफलक शिकल्यास विशेष लाभ होतो. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्हींत ‘क’ एकाच कळेवर येतो.

२. नोटपॅडमध्ये ‘वर्ड रॅप’ चालू करावे, म्हणजे लांब ओळी पडद्याबाहेर जाणार नाहीत. अक्षरांचा आकार डोळ्यांस सोसेल इतका मोठा ठेवावा.

३. ‘सेव्ह अ‍ॅज’ निवडून प्रकाराच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ व ‘एन्कोडिंग’च्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावे. तेथे ‘एएनएसआय’ राहिल्यास मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात व मूळ मजकूर परत मिळत नाही.

४. फाइलीस रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता नाव द्यावे व शेवटी डॉट एचटीएमएल लिहावे.

५. पानाच्या शीर्षविभागात मेटा खुणेत चारसेट यूटीएफ-८ असल्याचे नमूद करावे. ही खूण नसल्यास ब्राउझर चुकीचा तर्क करण्याचा संभव असतो.

यानंतर फाइलीवर दोनदा टिचकी मारताच पान ब्राउझरमध्ये उघडते. त्यास इंटरनेटची आवश्यकता नाही. नोटपॅडमध्ये दुरुस्ती करावी, फाइल पुन्हा साठवावी व ब्राउझरमधील पान ताजे करावे, की बदल लगेच दिसतो.

शेवटी ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथेही प्रत्येक मुलाचा शब्द त्याच्या लिपीत जसाच्या तसा दिसला, म्हणजे सिद्धता पूर्ण झाली असे समजावे.