रोवणीची पाठ, बिडीची मान

उभे राहताना, बसताना आणि वाकताना डोके, कणा व हातपाय यांची जी परस्पर मांडणी होते तिला शरीराची ठेवण म्हणतात. ती ‘ताठ बस’ एवढ्या सूचनेने सहसा सुधारत नाही, कारण ताठ बसण्याच्या खटाटोपात माणूस छाती पुढे काढतो, खांदे मागे ओढतो आणि जुन्या ताणावर नवा ताण चढवतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात भात आणि बिडी या दोन्हींची कामे तासन्‌तास वाकून किंवा बसून करावी लागतात, त्यामुळे तेथे हा विषय थेट पोटापाण्याशी जोडलेला आहे.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधीतल्या (भातखाचरातल्या) चिखलात बायका ओणव्या राहून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, लावतात. हे वाकणे खुब्याच्या सांध्यातून झाले, तर धडाचे वजन नितंब आणि मांड्यांचे मोठे स्नायू पेलतात. तेच कमरेच्या मणक्यांतून झाले, तर मणक्यांमधल्या मऊ चकत्या आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, यांच्यावर भार येतो. बिडी वळणारीचे दुखणे निराळे असते: मांडीवर सूप, नजर बोटांवर, आणि पुढे झुकलेले सुमारे पाच किलो वजनाचे डोके सावरण्यासाठी मानेमागचे स्नायू सतत आवळलेले, ज्यामुळे त्यांतला रक्तप्रवाह मंदावतो व थकवा साचत जातो.

अशा सवयी स्वतःच्या स्वतःला सहजी सुधारता येत नाहीत, याचे कारण टास्मानियात १८६९ साली जन्मलेल्या फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर या वाचिक अभिनेत्याने आरशासमोर उभे राहून शोधले. बोलताना आवाज बसत असे म्हणून त्याने स्वतःला न्याहाळले, तेव्हा तोंड उघडताच डोके मागे खेचले जाते आणि स्वरयंत्र दाबले जाते हे त्याला दिसले. पण डोके पुढे घेतल्याची त्याची खात्री असतानाही आरशात ते मागेच असे. सवयीची चूकच शरीराला बरोबर वाटत असल्यामुळे दुसऱ्याचा जाणता हात लागतो, आणि म्हणून अलेक्झांडरने यातून घडवलेली पद्धत एका गुरूने एका शिष्याला शिकवायची असते: शिक्षक मान व पाठीला हलका स्पर्श करतो आणि शिष्य खुर्चीतून उठण्यापूर्वी क्षणभर थांबून जुनी ओढ सोडून द्यायला शिकतो. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ५७९ रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचे महिन्यातले दुखण्याचे दिवस वर्षअखेरीस २१ होते, तर असे २४ पाठ घेणाऱ्यांचे ३; सहा पाठांना व्यायामाची जोड दिल्यावरही बराचसा लाभ टिकला. गरीब जिल्ह्याच्या दृष्टीने या सहा पाठांचे मोल अधिक आहे.

एकेकाला पाहून शिकवण्याचा हा मार्ग महाराष्ट्राला परका नाही. १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी प्रत्येकाच्या शरीराचा कल पाहून, पट्टे, दोर आणि लाकडी ठोकळे यांचा आधार देत आसने शिकवली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत त्यांच्याकडे शिकले. विदर्भात जनार्दनस्वामींनी योग घरोघरी नेला, आणि त्यांनी नागपुरात १९५१ साली स्थापलेल्या योगाभ्यासी मंडळातून तो विनामूल्य शिकवला गेला. ही परंपरा गोंदियापासून शे-दीडशे किलोमीटरवर असताना तिचा हात बांधीपर्यंत पोहोचू नये, ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

पायात बधिरपणा वा अशक्तपणा असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर शिक्षकाआधी डॉक्टरच गाठावा. शिवाय कोणताही पाठ श्रमाचे तास कमी करत नाही वा मजुरी वाढवत नाही. तरीही खुब्यातून वाकणे, दर काही ओळींनंतर उभे होणे, सूप उंच पाटावर ठेवणे या गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. गावोगावच्या योगशिक्षकांनी सामूहिक वर्गानंतर प्रत्येक बाईला दहा मिनिटे स्वतंत्रपणे द्यावीत, आणि याची सुरुवात रोवणी लागण्यापूर्वी, जूनमध्येच करावी.