यादीतला प्राणी आणि शेजारचा माणूस

म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे निघाले की वाटेत वरुणा लागते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर या नावाचा विधानसभा मतदारसंघ अस्तित्वात आला आणि सिद्धरामय्या तेथून निवडून येऊ लागल्याने ते दिल्लीतील राजकीय वर्तुळातही परिचित झाले. याच रस्त्यालगत केंपय्यनहुंडी येथे कन्नड चित्रपटसृष्टीतील एका नामवंत अभिनेत्याचे फार्महाऊस आहे. जानेवारी २०२३ मध्ये वन खात्याने तेथे छापा घालून चार पट्टकादंब जप्त केले आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंसकुळातले पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात दक्षिणेत येतात. जवळच्या हदिनारू तलावावर त्यांचे थवे उतरतात. त्या प्रकरणाची न्यायालयीन बाजू येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ज्या पक्ष्यांपासून कोणाही शेजाऱ्याला धोका नव्हता, त्यांच्यासाठी कायदा तत्परतेने हलला.

यात कायद्याचे काही चुकले असे नाही. रानातला पक्षी रानातच राहावा, हा १९७२ च्या कायद्याचा हेतू आहे आणि तो योग्य आहे. परंतु हा कायदा पाळणाऱ्याला विचारतो तो प्रश्न ‘प्राणी कोणत्या परिशिष्टात आहे?’ असा असतो. ‘तो कुंपण तोडून बाहेर आला तर काय?’ हा प्रश्न त्याच्या रचनेच्या केंद्रस्थानी नाही. दुर्मीळता आणि धोका या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे नियमन मुख्यतः पहिलीचे झाले.

विदेशी प्राण्यांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. एप्रिल २०२३ पूर्वी घरात इग्वाना किंवा बॉल पायथन पाळण्यास वन्यजीव कायद्याची आडकाठी नव्हती. नियंत्रण होते ते आयातीवर. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत योजना आणली, मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे कागदपत्रेही मागितली नाहीत. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने सहा परिशिष्टांची चार केली आणि चौथ्यात ‘साईटिस’ या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराखालील प्रजाती घातल्या. त्या पाळणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. ‘परिवेश’ संकेतस्थळावर सहा महिन्यांत नोंदणी करायची, जन्म, मृत्यू, हस्तांतर कळवायचे. अधिकारी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक. पण ही यादी व्यापाराच्या चिंतेतून जन्मलेली आहे. त्यामुळे बिनविषारी बॉल पायथन तिच्यात आहे आणि आफ्रिकेतला जहाल विषारी ब्लॅक माम्बा साईटिसच्या परिशिष्टांत नाही. शेजारी राहणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम उलटाच म्हणावा लागेल.

आणि या साऱ्यात ग्रामपंचायत कोठे आहे? राज्यघटनेत वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण हा मुळात राज्यांचा विषय. १९७२ चा कायदा करतानाही काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर, अनुच्छेद २५२ चा आधार घेऊन संसदेने तो केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने विषय समवर्ती सूचीत गेला. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींना दिलेल्या एकोणतीस विषयांत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आहे. रानटी जनावर नाही. नगरपालिकांच्या वाट्याला कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध एवढेच आले. म्हणजे वरुणाच्या पंचायतीला गावातल्या कोंबड्यांविषयी बोलता येते. एखाद्या फार्महाऊसच्या भिंतीआड अजगर आला, तर त्या नोंदणीत तिच्या संमतीची गरज नाही.

ब्रिटनने १९७६ सालीच वेगळी वाट धरली. तेथे सिंह-चित्ते पाळण्याचा षोक बोकाळला, तेव्हा संसदेने धोकादायक वन्य प्राण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवान्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलकडे दिला. पशुवैद्याकडून जागेची तपासणी, इतरांना इजा झाल्यास भरपाईसाठी विमा, निवारा व बंदिस्तपणाच्या अटी, आणि त्यासाठी धोक्याच्या निकषावर केलेली प्राण्यांची यादी. प्रश्न दुर्मीळतेचा नव्हे, कुंपणाचा होता.

आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही. धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवावे, त्याची विल्हेवाट लावावी किंवा त्याला नष्ट करावे, असा आदेश देण्याचा दंडाधिकाऱ्यांचा जुना अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता. जुलै २०२४ पासून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रांताच्या टेबलावरील हे कलम बहुधा रस्त्यावरील अतिक्रमणासाठीच वापरले जाते. शिवाय ते तक्रार आल्यावर जागे होते. प्राणी गावात आणण्यापूर्वी परवाना मागत नाही.

गावाला आधी विचारले नाही, की नंतर काय होते ते कोल्हापूरने दोनदा पाहिले. जोतिबा देवस्थानचा सुंदर हत्ती न्यायालयीन लढाईनंतर जून २०१४ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवल्यावर, जामनगरच्या ‘वनतारा’त पाठवण्यात आली. हत्तिणीच्या हिताला न्यायालयाने दिलेले प्राधान्य समजण्यासारखे आहे. पण तीन दशके ती ज्या गावात राहिली, तिथे तिच्या पायांची, जागेची, माहुताची विचारपूस करणारी स्थानिक व्यवस्था असती, तर मोर्चे आणि बहिष्कारापर्यंत वेळ आली असती का? राज्य सरकारला मागाहून नांदणीकरांच्या बाजूने उभे राहावे लागले, ते राजकीय गरजेपोटी. प्रशासकीय दूरदृष्टी त्यात शोधू नये.

बदलीच्या गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु आफ्रिकन ग्रे पोपट पुण्याहून दिल्लीला नेताना त्याची नोंदणी तपासणे आता आवश्यक आहे. आणि आजीच्या पिंजऱ्यातला, ‘विठू विठू’ म्हणणारा आपला देशी पोपट? तो पाळणे तर कायद्याने केव्हाच वर्ज्य आहे. मंडईजवळ पिंजरे विकणाऱ्यांना ते ठाऊक असते, गिऱ्हाइकालाही बहुधा असते.

वरुणाच्या रस्त्यावर फार्महाऊसांच्या भिंती उंच होत चालल्या आहेत. त्यांच्याआड काय पाळले जाते, याची माहिती तूर्त बंगळुरूच्या अरण्य भवनात आणि दिल्लीच्या जोरबागेतील पर्यावरण भवनात असू शकते. पंचायतीच्या दप्तरात त्यासाठी रकानाच नाही. राज्याला तो घालता येईल. विषय समवर्ती आहे, मनाई कोणाची नाही.