हवेतला ठोसा आणि भंगारातली बंदूक

मारामारीचा चित्रपट म्हटला की लाखोंचा खर्च आलाच, असा आपल्याकडे समज. युगांडातल्या एका वीटवाल्याने तो पार मोडीत काढला. राजधानी कंपालाच्या कडेला वाकालिगा ही झोपडवस्ती आहे. तिथला आयझॅक नबवाना हा तो गडी. लहानपणी थोरले भाऊ सिनेमा पाहून यायचे आणि याला गोष्ट सांगायचे. तेवढ्यावर त्याची हौस भागायची. पुढे विटा पाडून पैसे साठवले आणि २००५ साली कंपनी थाटली.

२०१० सालचा ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’ जगभर गाजला. खर्च दोनशे डॉलर सांगतात. म्हणजे तेव्हाचे नऊ हजार रुपये. एवढ्यात जत्रेचा मांडव तरी होतो का?

बंदुका दाऊदा बिसासो हा कारागीर भंगार जोडून बनवतो. रक्तासाठी आधी गाईचे रक्त वापरत, पण त्याने एक नट आजारी पडला. (जनावराच्या कच्च्या रक्तातून काय काय येते, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा!) मग फुकट मिळणाऱ्या निरोधमध्ये खाण्याचा लाल रंग भरून तो कपड्याआड बांधू लागले. दोरा ओढला की फुटतो.

ब्रूस यू या नावाने ओळखला जाणारा नट वस्तीतल्या पोरांना कुंग फू शिकवतो. पण पडद्यावरची मारामारी म्हणजे कुस्तीच्या उलटे गणित. कुस्तीत अंगाला अंग भिडते, इथे ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा एकाच्या पाठीमागे ठेवला की मधली फट दिसत नाही. खरी करामत मारणाऱ्याची नाही, मार खाणाऱ्याची. त्याची मान वेळेवर झटकली नाही तर सगळे हसे होते. म्हणून आधी पावले मोजून सावकाश तालीम करायची, वेग मागाहून. ‘ढिशूम’ तर शेवटी भरायचे.

तालमीला महत्त्व आहे, कारण या नटांना पगार नाही. चित्रपटाच्या डीव्हीडी दारोदार विकायच्या आणि निम्मे पैसे ठेवायचे. रोज कमावून खाणाऱ्याचा हात मोडला तर चूल थंड पडते.

‘कॅप्टन अ‍ॅलेक्स’ची मूळ प्रत आता उरलेली नाही. आज मिळते तिच्यात निवेदकाची अखंड बडबड आहे, अगदी आपल्या कुस्तीच्या फडातल्यासारखी.