पत्र्याच्या शेडमधली पद्मिनी

लातूरच्या गंजगोलाईभोवतालच्या किंवा नांदेडच्या वजिराबादेतील एखाद्या जुन्या पेढीच्या मागील बाजूस अजूनही असे दृश्य दिसते. पत्र्याची शेड, रिकाम्या बारदानाच्या थप्प्या आणि त्यांच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी असलेली मोटार. चारही चाकांतील हवा गेलेली, दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या. नातू कुतूहलाने आत बसतो आणि गिअर कोठे आहे ते शोधत राहतो, कारण तो पायाजवळ नसून स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला असतो. आजोबा बाहेर उभे राहून हसतात.

ती गाडी बहुधा प्रीमियर पद्मिनी असते. ती बनविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी केली. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत परकीय सत्तेशी झुंज घेतली, हे समाजातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर गटाच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. फियाटचे नाव गळून गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली व १९७४ पासून ‘पद्मिनी’. कागदोपत्री नाव काहीही असो, मराठवाड्यात तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले गेले.

या भागात मोटारीचे मोल अधिक होते, कारण रेल्वे तोकडी होती. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येई, तर नांदेडहून मीटरगेज धावत असे. आडतीच्या हिशेबासाठी, लग्नाच्या बोलणीसाठी किंवा कुंथलगिरीच्या दर्शनासाठी निघायचे तर मोटारच बरी. नांदेड ते लातूर हे अंतर लोहा, अहमदपूर, चाकूर मार्गे सुमारे १४० किलोमीटरचे; परंतु उन्हाळ्यात ते किती तासांचे, हे गाडीच्या मर्जीवर असे. वैशाखाच्या उन्हात इंजिन तापले की कार्बुरेटरपर्यंत पोहोचण्याआधीच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी रस्त्यात थांबे. अशा वेळी इंजिनातील पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळून निंबाच्या सावलीत थांबणे, हा सर्वमान्य उपाय होता. गृहिणी दशम्यांच्या डब्यासोबत एक जुने पंचाचे फडके आठवणीने देत, ते याचसाठी. थंडीत उलट अडचण! चोक ओढावा लागे आणि तरीही न ऐकल्यास पुढून हँडल घालून फिरवावे लागे.

पुढे सलग बाक असल्याने चालकाशेजारी दोघे सहज मावत, एखादे मूल मांडीवर. १०८९ सी.सी.चे ते इंजिन एवढ्या माणसांना कसे ओढत असे, याचे नवल आज वाटते.

पद्मिनीच्या आधीची गोलसर फियाट ११०० ही अधिक विक्षिप्त. तिला सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि त्यात तिरस्कार नव्हता, लाडच होता. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. मद्रासला १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड तर आणखी वेगळी. तिचे बॉनेट मडगार्डसह सगळेच पुढे कलंडे, जणू गाडीने तोंडच उघडले. आणि वळण इतके लहान की अरुंद बोळात ती सहज फिरे. खराब रस्त्यावर मात्र तिची मागची चाके तक्रार करीत. मालवाहतुकीसाठी तीन चाकांचा ‘टेम्पो’ होता. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ नंतर तो रस्त्यावर आणला आणि त्या एका गाडीचे नाव पुढे मराठीत छोट्या मालवाहू गाड्यांचे सामान्यनाम होऊन बसले. मोंढ्यातील हमालांना कंपनी ठाऊक नव्हती, टेम्पो मात्र ठाऊक होता.

परवान्यांच्या त्या काळात मोटार नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हे चित्र पालटले. पद्मिनीचे उत्पादन शतक सरता सरता थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची काळीपिवळी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

आता शेडमधल्या गाड्यांचा प्रश्न. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो आणि कुटुंबे गाडी देऊन टाकतात. पुष्कळदा कारण गंज नसते, कागद असतात. आर.सी. बुक अजून दिवंगत आजोबांच्या नावे असते. नियमानुसार मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये वारसाने अर्ज करावयाचा असतो. तो राहून गेला, मग पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरणही राहिले, आणि २०२२ मध्ये त्याचे शुल्कही मोटारीसाठी ५,००० रुपये झाले होते. मात्र जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. गाडीचा सांगाडा, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात हवे. रोजच्या वापरास परवानगी नाही, प्रदर्शन व रॅलीस आहे. १९७४ ची पद्मिनी आता या मर्यादेत बसते.

रंगरंगोटी करण्यापूर्वी किंवा इंजिन बदलण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. आर.सी. बुक बहुतेक घरांत जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यातच असते, आणि ते गठ्ठे दिवाळीच्या साफसफाईत एकदा माळ्यावरून खाली उतरतातच.