एक कॉम्प्युटर, दोन कारभारी!

दोस्तांनो, नवी मुंबईत नेरूळला गेलात तर सारसोळे गाव जरूर पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहू लागलं. सारसोळे त्यांतलंच एक. आज शेजारी नेरूळचे आखीव सेक्टर आहेत, तरी मूळ गावठाण आपल्या जागी आहेच. एकाच जमिनीवर जुनं गाव आणि नवं शहर! तुमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरही अशी दोन गावं नांदू शकतात. यालाच म्हणतात ‘ड्युअल बूट’.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कीबोर्ड, स्क्रीन, फायली, सगळं तोच सांभाळतो. बहुतेक घरांत हा कारभारी ‘विंडोज’ असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला ‘विंडोज १०’चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आणि कित्येक जुन्या मशीनवर ‘विंडोज ११’ चालत नाही. मग काय, मशीन भंगारात? छे! इंटरनेटसाठी फुकट मिळणारं ‘लिनक्स’ घ्या आणि बाबांच्या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजही राहू द्या.

पण थांबा, आधी एक गंमत ऐका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं. त्याच्या मशीनवर ‘मिनिक्स’ ही दुसरी सिस्टिमही होती. एकदा मोडेमला पाठवायची माहिती त्याने चुकून थेट हार्डडिस्कवर पाठवली, आणि मिनिक्सचं झालं पाणी! खुद्द लिनक्सच्या जनकाची ही गत, तर आपली काय कथा? म्हणून पायऱ्या क्रमानेच चढा.

१. फोटो, हिशेब, ताईचा प्रोजेक्ट, सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ती उघडते ना, तेही पाहा. ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

२. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह थोडा आक्रसा. निदान २५ जीबी जागा मोकळी सोडा. हा झाला नवा सेक्टर!

३. १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ‘उबुंटू’ हे लिनक्स चढवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ते नुसतं चालवून बघा.

४. आता खरी परीक्षा. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ या अर्थाचा पर्याय निवडा. ‘इरेज डिस्क’ निवडलात तर अख्खं जुनं गाव सपाट! इथे घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा आणि दोनदा वाचूनच बटण दाबा.

झालं! आता मशीन सुरू केलं की ‘ग्रब’ नावाचा द्वारपाल विचारेल, आज कोण हवं, उबुंटू की विंडोज?

कधी विंडोजचं घड्याळ अचानक साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून हा घोळ! सेटिंग बदललं की तो मिटतो.

लिनक्स मराठीतून शिकायचंय? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठी धडे आहेत, तेही फुकट.

तर मग, येत्या सुट्टीत लागा कामाला! मात्र पहिली पायरी कोणती? बरोबर, बॅकअप!