वालचंदनगर आणि देशी मोटारीचा आरंभ (लेखांक ७)

मर्सिडीज-बेंझ या नाममुद्रेचे मूळ मोटारीत नसून कारखान्यात एका जागी पक्के बसवायच्या इंजिनात आहे, हे मागील लेखांकात पाहिले. कार्ल बेंझ यांची १८८३ साली मानहाइम येथे निघालेली कंपनी अशी इंजिने विकत होती, तर गोटलिब डाइमलर यांनी डॉइट्झ येथील निकोलाउस ओटो यांच्या कारखान्यात दहा वर्षे तांत्रिक सूत्रे सांभाळली होती. त्यामुळे २९ जानेवारी १८८६ रोजी बेंझ यांनी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी, म्हणजे शोधावरील हक्काच्या सनदेसाठी, अर्ज केला, तेव्हा ओतकाम व दातेरी चाके कापण्याचे कसब त्या परिसरात मुरलेले होते. पुढे १९२६ साली या दोन घराण्यांच्या कंपन्या एक झाल्या, त्या अशा पायावर.

भारतात मोटारीची आकांक्षा आधी आली आणि यंत्र घडविणारा कारखाना नंतर. हा उलटा क्रम ज्यांच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसतो, ते सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद होत. रेल्वेची ठेकेदारी आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी यांतून नावारूपाला आलेल्या या उद्योजकाने बारामती व इंदापूर तालुक्यांना पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या आधारावर कळंबच्या माळावर उसाची शेती उभी केली, १९३०च्या दशकात तेथे साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वसलेली वसाहत वालचंदनगर म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्याच दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी वालचंदांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, पण ब्रिटिश सरकारने युद्धकाळात या प्रकल्पाला साथ दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. ती जोडणीची वाहने होती. म्हणजे सुटे भाग बोटीने येत आणि येथे ते एकत्र बसविले जात. नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, हळूहळू भाग देशातच बनू लागले आणि पुढे प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत ठाऊक झाली. तथापि गाडीचा मूळ आराखडा परदेशीच राहिला. हा दोष वालचंदांच्या दृष्टीचा नव्हे. ज्या राज्यकर्त्यांनी ऐन उमेदीची वर्षे अडवून धरली, त्यांच्याकडे त्याची मोठी जबाबदारी जाते, आणि १९५३ साली निधन पावलेल्या वालचंदांना ती वर्षे परत मिळणार नव्हती.

स्वतः यंत्र घडविण्याची परंपरा मात्र इंदापूर तालुक्यात रुजली, आणि ती उसाच्या गरजेतून रुजली. ऊस पिळणारे लाट मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात, तर त्यांना फिरविणारी वाफेची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. ही अफाट गती उतरवून तिचे ताकदीत रूपांतर करायला एकामागून एक दातेरी चाकांच्या जोड्या लागतात, आणि त्यांतील एखादा दाता केसभर चुकला तरी गाळपाच्या ऐन हंगामात कारखाना थांबण्याची वेळ येते. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता वालचंदनगरला हा काटेकोरपणा अंगवळणी पडला. पुढे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स, अणुऊर्जा केंद्रांची सामग्री आणि इस्रोच्या अग्निबाणांची इंधन-कवचे तेथे तयार झाली, ती याच सरावावर. बेंझ यांच्या मानहाइमशी खरे साम्य शोधायचे तर ते कुर्ल्याच्या जोडणीशाळेपेक्षा येथे अधिक सापडते.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ या इटालियन कंपनीची तीनचाकी वाहने तयार होतात, तो टप्पा बराच अलीकडचा. जर्मन कंपनीने १९५४ साली टेल्कोशी मालमोटारींसाठी केलेला करार आणि १९९४ साली पुणे जिल्ह्यात टाकलेले पाऊल यांचा विचार पुढील लेखांकात येईल.