भोपाळचे केसपेपर

सायनाइड शरीरात शिरलं, तर आपलं यकृत स्वस्थ बसत नाही. ऱ्होडानेज नावाचं विकर सायनाइडला गंधकाचा एक अणू जोडतं. त्यातून थायोसायनेट तयार होतं. ते कितीतरी कमी विषारी असतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. शरीरातला गंधक अपुरा पडला, तर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन तो पुरवतं. थक्क करणारी गोष्ट अशी, की हे इंजेक्शन औषधही असतं आणि तपासणीही. ते दिल्यावर लघवीतलं थायोसायनेट एकदम वाढलं, तर विष अजून आत दडून होतं असा अर्थ निघतो.

१९८५ साली भोपाळमध्ये या एका आकड्याला केवढं वजन आलं होतं! २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. विष फुफ्फुसांपुरतं राहिलं की रक्तातून सगळ्या शरीरात पसरलं, यावर डॉक्टरांमध्ये तेव्हाच वाद पेटला. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात सायनाइडच्या विषबाधेसारखं लालभडक रक्त दिसलं होतं आणि त्यांनी थायोसल्फेटचा आग्रह धरला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चाचणीनेही त्याला दुजोरा दिला. त्यामुळे वस्तीतल्या एखाद्या बाईच्या केसपेपरवरची एक ओळ तीन ठिकाणी बोलू लागली. डॉक्टरला ती उपचार सांगत होती, शास्त्रज्ञाला विषाचा माग दाखवत होती आणि कोर्टात कंपनीविरुद्ध साक्ष होऊ शकत होती.

जून १९८५मध्ये काही डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी जन स्वास्थ्य केंद्र उघडलं. तिथे थायोसल्फेट दिलं जाई आणि रुग्णात काय फरक पडला याच्या नोंदी ठेवल्या जात. त्याच महिन्यात पोलिसांची धाड पडली, डॉक्टरांना अटक झाली आणि नोंदीही जप्त झाल्या. ज्यांच्या शरीराची ती हकिगत होती, त्यांना कुणी विचारलं नाही. या उपचाराचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सरकारच्या हाती तेव्हा किती दोऱ्या होत्या, हे पाहण्यासारखं आहे. १९८५च्या कायद्याने केंद्र सरकार सगळ्या पीडितांचं पालक झालं आणि त्यांच्या वतीने दावा लढवू लागलं. सरकारी दवाखान्यांत उपचार होत होते. सरकारी परिषद संशोधन करत होती. कुणाला किती इजा झाली हे ठरवणारी यंत्रणाही सरकारचीच होती. उपचारासाठी, अभ्यासासाठी आणि निवाड्यासाठी लागणारी माहिती अशी एकाच छताखाली आली.

यातल्या अभ्यासाची किमया मोठी आहे. एकट्या माणसाच्या खोकल्यावरून काही सिद्ध होत नाही, तो बिडीचाही असू शकतो. म्हणून परिषदेने सुमारे ८० हजार वायुपीडित आणि तुलनेसाठी वायूपासून दूर राहिलेले सुमारे १६ हजार लोक निवडले आणि वर्षानुवर्षं त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. एवढ्या माणसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की एकेकट्या नोंदीत न दिसणारं सत्य वर येतं. डॉ. राणी बंग आणि मीरा सद्गोपाल यांनी १९८५मध्येच वायुग्रस्त वस्त्यांतल्या बायकांचे स्त्रीरोग जगापुढे मांडले. घरातही ज्याची वाच्यता होत नाही असं दुखणं, कुणाचं नाव न घेता, सगळ्या वस्तीचा पुरावा झालं. खाजगीपण राखूनही माहिती समाजाच्या कामी येते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण निवाड्याच्या टेबलावर नाव लागतं, आणि नावासोबत कागद लागतात. त्या रात्री जीव घेऊन पळालेल्या माणसाने केसपेपर कुठून आणावा? ५ लाख ७० हजारांहून अधिक लोकांना भरपाई मिळाली. त्यांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांची नोंद ‘किरकोळ इजा’ अशी झाली. परिषदेचं संशोधन १९९४मध्ये थांबलं आणि त्याचा एकत्रित तांत्रिक अहवाल यायला २००४ उजाडलं. सरकारला आपल्याबद्दल इतकं ठाऊक असताना माणसाच्या स्वतःच्या हाती काहीच नव्हतं. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पीडिताला आरोग्य पुस्तिका आणि स्मार्ट कार्ड देण्याचा, सगळ्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला पुढे अवमानाची कारवाई करावी लागली.

आज आपल्या सगळ्यांच्याच नोंदी संगणकावर चालल्या आहेत. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०२१पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. या मिशनची रचना अशी, की नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच राहते आणि आपल्या संमतीने दुसरीकडे जाते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने एक मोलाचा भेद ओळखला आहे. संशोधनासाठी माहिती वापरायला सवलत आहे, मात्र त्या माहितीवरून त्या एका माणसाबद्दल निर्णय घेता कामा नये. भोपाळमध्ये जे एकात एक मिसळलं होतं, ते इथे वेगळं काढलं आहे. पण हाच कायदा ठरावीक कारणांसाठी, अधिसूचना काढून, सरकारी यंत्रणांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा केंद्राला देतो. ती वाट रुंदच आहे.

भोपाळकडे पाहिलं की मला एक गोष्ट पटते. माहिती कुलपात ठेवणं आणि ती रुग्णाच्या हाती देणं, ही एकाच हक्काची दोन अंगं आहेत. बँकेच्या पासबुकात जशी प्रत्येक व्यवहाराची नोंद उमटते, तशी आपली फाइल कुणी, कधी आणि कशासाठी उघडली याची नोंद आपल्याला दिसली पाहिजे, मग उघडणारं सरकार का असेना. आणि एक हक्क तर आजच आपल्यापाशी आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यावे लागतात. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे. विषाचे परिणाम चाळीस वर्षांनीही दिसू शकतात, हे भोपाळने दाखवलं आहे. म्हणून कागद वेळेत मागा आणि जपून ठेवा.